सतरा नंबरची प्लेट

ओहोटी गाठून मी धक्क्यावरून
सतरा नंबरची प्लेट वर ओढते.
दोरी बुळबुळीत, हिरवी.
इस्माईल तांडेल होडी खांबाशी धरून उभे.
तीन महिन्यांपूर्वी सोडली तेव्हा
कोरी होती, वीतभर, राखेनं घासल्यासारखी.

आता तिचं वजन मनगटाला कळतं.

आधी नुसती साय धरते. दिसत नाही, बोट घसरतं.
मग शेवाळ. मग नळीतले किडे,
चुन्याची वेडीवाकडी अक्षरं गिरवणारे.
मग बार्नॅकल. तांडेल त्यांना दात म्हणतात:
बोटीच्या पोटाला दात आले की ती डिझेल पिते,
मालकाचं तोंड वाकडं होतं,
आणि दारूखान्याच्या चिखलात तिला कुशीवर निजवून
पोरं पात्यांनी खरवडत बसतात.

आणि ही.
नखाएवढी, पट्ट्यापट्ट्यांची, घोसानं लगडलेली.
तक्त्यात लॅटिन नाव आहे.
मराठी नाव: रिकामं.
मूळ स्थान: मेक्सिकोच्या आखाताकडचं.
कशी आली: जहाजाच्या तळाला, किंवा पोटातल्या पाण्यातून.
पुढे कंसात 'बहुधा'.

भाऊच्या धक्क्यावर धर्मीबायला मूठभर दाखवली.
"खाऊन बघितलीस?"
वास घेतला. फेकली नाही,
टोपलीच्या काठावर एकेक मांडत गेली.
"माझ्या सासूच्या खडकावर कालवं होती, तिथं आता हीच.
नावं ठेव म्हणशील तर हजार ठेवते.
नाव नाही ठेवणार.
नाव ठेवलं की घरची होते."

माझ्या सेवापुस्तकातही मूळ गावाचा रकाना आहे.
तालुका पाटण. दोनदा गेलेय.
इथे थांबून काही सुचावं असा मोह होतो,
पण शिंपली म्हणजे माणूस नव्हे,
ती बाजूला सरकून जागा करून देत नाही.

चिमट्यानं सोडवत मोजते.
अंगठ्याला दोन चिरा, खारं पाणी झोंबतं.
"किती?" तांडेल विचारतात.
चारशे बारा. खाली अजून एक थर.
त्या थराखाली, प्लेटच्या कोपऱ्यात,
एक कालव. तोंड घट्ट मिटलेलं.
टोकरलं तर आणखी मिटतं.

लिहिते: कालव, एक. जिवंत.

अठरा नंबरची कोरी प्लेट बांधली, गाठ दोनदा मारली.
पाण्यात जाताना क्षणभर चकाकली.
तांडेलांनी वल्हं उचललं.
मी अजून दोरी धरूनच होते.