तारीख

गुरुवारी घैसासांची संकष्टी,
शुक्रवारी लोखंडेची रात्रपाळी,
आणि दहा-बारा दिवसांवर रमजान,
मग महिनाभर ग्लास उपडेच.

जुफेरचा पब महाग. हूऱ्यातला कळकट.
अदलियात टीव्हीवर नुसता फुटबॉल.
वहिनी म्हणाल्या, पाठ टेकेल अशी खुर्ची हवी,
बाकी तुमचं तुम्ही बघा.

शेवटी खोबरला परकारांना फोन लावला.
ते पुलावरून येणार,
दोन तास गाड्यांच्या रांगेत.
"शनवार धरा," म्हणाले. "जागा कुठलीही."

शनिवारी आले.
लिंबूपाणी मागवलं,
सगळ्यांच्या फेसावरून नजर फिरवत विचारलं,
"आमच्या दापोलीकडचा कोण नवा आलाय काय?"

नव्हता कोणी.

तेवढं एक लिंबूपाणी
त्यांनी दिवे मालवेपर्यंत पुरवलं.