प्रस्थानपूर्व बैठक

शनिवार, संध्याकाळी पाच. कर्वे रस्ता, आमच्या ऑफिसचा वरचा मजला.
खुर्च्या बत्तीस, माणसं एकोणचाळीस.
सगळ्यांचीच पहिली वेळ,
म्हणून सगळे पावणेपाचलाच हजर.

मी सुरू करते.
चेन्नईहून श्रीलंका, पाच रात्री. जहाज म्हणजे होडी नव्हे, अकरा मजले आहेत.
लिफ्ट आहे. हो काका, चालू असते.
पासपोर्ट पहिल्याच दिवशी जमा होईल, बदल्यात एक कार्ड,
मग तेच तुमचं कुलूप, तेच पाकीट, तेच नाव.
गळ्यात घाला. लाजू नका.

निघण्याआधी भोंगा होईल, सात आखूड, एक लांब.
घाबरायचं नाही, तालीम असते.
नेमून दिलेल्या जागी जाऊन उभं राहायचं.
पुढे घुसून उपयोग नाही,
जहाज तेव्हा धक्क्यालाच बांधलेलं असतं.

"हलतं का?"
पहिल्या रांगेतल्या कुंदाताई खळदकर, मांडीवर वही.
थोडंसं. दुसऱ्या दिवशी पाय शिकतात.
आलेपाक न्या, खोली मधल्या मजल्यावरची घ्या.
परत आल्यावर दोन दिवस घर हलतं,
ते कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

"तिसऱ्या रात्री संकष्टी आहे. चंद्रोदय पुण्याचा धरायचा, की तिकडचा?"
हे माहितीपत्रकात नाही.
डेकवर या, म्हणते मी. दिसला की जेवा.

"चहा?"
पिशवीचा. गरम पाण्यात बुडवायचा.
हॉलमध्ये पहिल्यांदाच शांतता.
विजेची किटली नेऊ नका, काढून घेतात.
कुणीतरी पेन खाली ठेवलं.

बिनखिडकीची खोली स्वस्त पडते.
दिवा मालवला की स्वतःचा हात दिसत नाही,
सकाळ झाली हे घड्याळावर विश्वास ठेवून मानायचं.
एकशे चाळीस चौरस फूट.
धायरीला एवढ्यातच आम्ही चौघं राहिलो आठ वर्षं,
ते मी बोलत नाही.

"तुम्ही किती वेळा गेलात?"
हे कुणीतरी विचारतंच.
चौदा, म्हणते मी.
चौदा बैठका, असं म्हणत नाही.
समुद्र मी हरिहरेश्वरला पाहिलाय, गुडघ्यापर्यंत.

मग मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले
पद्माकर लोणकर, पाटबंधारे खातं, निवृत्त, हात वर करतात.
खडकवासल्याच्या दरवाजांवर एकतीस वर्षं काढली, म्हणाले.
मुठेत सोडलेलं पाणी भीमेला जातं,
भीमा कृष्णेला,
कृष्णा पूर्वेकडे. चेन्नईच्या वरच कुठेतरी.
"मी पाणी सोडत आलो. पोचलेलं कधी पाहिलं नाही.
आपलं जहाज त्या बाजूने जाईल का?"

कुणी हसलं. कुंदाताईंनी मागे वळून पाहिलं,
हसणं थांबलं.
नाही हो काका, आपण खाली जाणार, दक्षिणेला.
"बरं," म्हणाले, आणि खरंच बरं असल्यासारखे बसले,
कोपऱ्यातल्या पाण्याच्या जारवर.

सात वाजता सगळे गेले.
पंखे बंद केले, खुर्च्या रचल्या, एक छत्री उरली.
फॉर्म चाळत होते. शाकाहारी, जैन, शाकाहारी,
गुडघ्याचं ऑपरेशन, कांदा चालेल, लसूण नको.
लोणकरांच्या फॉर्मवर जेवणाचा रकाना कोरा.
खोली : अगदी मागच्या टोकाची, खिडकीसह.
सतरा हजार जास्त. रक्कम स्वतःच लिहून खाली दोन रेघा मारलेल्या.
समासात बारीक अक्षरात, हिशेबनिसासारखं :
पाणी मागून येईल.

बुकिंगवाले खोली बदलली की कारण विचारतात,
त्याशिवाय पान पुढे सरकत नाही.
तब्येत, वय, लहान मूल, इतर.
मी इतर निवडलं
आणि टाईप केलं,
ओळखीचं कुणी भेटण्याची शक्यता.