उणे सत्तर

हर्णैच्या बंदरावर मी बर्फ करतो.
अठ्ठावीस वर्षं झाली. अमोनियाचा वास मला येत नाही,
बायकोला येतो.
उणे दहाच्या खाली माझं मशीन कधी गेलं नाही,
आणि मला वाटायचं, थंडी म्हणजे एवढीच.

मजीद तांडेलची लस उणे सत्तरला ठेवतात.
हे त्याच्या नाझनीननं सांगितलं,
फॅक्टरीच्या ओट्यावर बसून, पाय हलवत:
"काका, तुम्हाला जमेल सत्तर?"
म्हटलं, लादीला तडा जाईल, पोरी.

शिमगा झाला आणि त्याचं डावं मूत्रपिंड काढलं.
गाठीचा तुकडा पुण्याहून कुठं कुठं गेला,
अक्षर न् अक्षर वाचला गेला,
चांगल्या रक्ताशेजारी ठेवून
चुकलेली अक्षरं वेचली. चौतीस निघाली.
त्या चौतिसांची लस.
नऊ आठवडे लागले. कुपीवर नाव नाही, नंबर.

मजीद समजावतो
(तंबाखू सोडल्यापासून फार समजावतो):
"रात्री परकी बोट घुसली तर गस्तीवाले धरतात.
ही बोट आपलीच. आपल्याच खाडीत बांधलेली,
रंग आपला, नंबर आपला,
फक्त एक आकडा खोडून दुसरा काढलाय.
गस्तीची लाँच शेजारून जाते, वर हात करते.
लस म्हणजे चिठ्ठी रे, गस्तीवाल्याच्या खिशातली.
चारच्या जागी नऊ दिसला तर थांबव."
"आणि तो झोपला असला तर?"
"त्याला उठवायची सुई वेगळी.
ती दर तीन आठवड्यांनी."

संध्याकाळी वाळूत टोपल्या उतरतात, लिलाव पुकारतात.
नाझनीन मोबाइलवरून वाचते:
अशा लसींचा बाजार दहा वर्षांत कितीतरी पट,
एवढे अब्ज, दरसाल तेवढे टक्के,
अमुक कंपनीचा शेअर चढला,
तमुक कंपनीनं शटर ओढलं,
कारण तिसऱ्या टप्प्यात त्यांची लस
आणि नुसतं मिठाचं पाणी
सारखंच निघालं.

भाव मला कळतो.
पाचला पापलेट जे असतं ते सातला नसतं.
पण एकानं टोपली सोडली तर दुसरा उचलतो,
कुणीच नाही तर वाळत घालतात,
तेही नाही तर खतात जाते. वाया काही जात नाही.
ही कुपी मजीद सोडून कुणाच्या कामाची?
एकाच गिऱ्हाइकाचा माल,
त्याच गिऱ्हाइकाच्या मांसातून काढलेला.
बोली कोण लावणार? कुणाच्या विरुद्ध?

"सध्या फुकट आहे," ती म्हणाली, "चाचणीत आहेत म्हणून."
मग ओट्यावरून उतरली.
"बाजारात आली की नाही."
तिनं एक आकडा सांगितला.
मी तो बोटींत मोजला.
दोन सिलिंडरच्या नाही, सहा सिलिंडरच्या.

तिसऱ्या सुईला ताप चढला, हुडहुडी भरली.
मजीद खूश. "ओळख पटली बघ!"
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असा अर्थ काढू नका,
तापाचं काही सांगता येत नाही, स्कॅन गणपतीनंतर.
तरी रात्री त्यानं फोन लावून
आपले दात वाजताना मला ऐकवले.
मीही बराच वेळ ऐकलं.

माझ्या वहीत त्याच्या नावावर
गेल्या हंगामाचा बर्फ अजून उभा आहे.
मालक विचारतो. मी पान उलटतो.

काल स्वतःच आला, खलाशांच्या पुढं.
लादी उचलू नको म्हटलं, टाक्यांना ओढ बसेल.
तर क्रशरखालचा चुरा मूठभर घेतला
आणि तोंडात टाकला, शाळेत असताना टाकायचो तसा.
"हा किती?"
"उणे आठ. आतून."
चघळत राहिला थोडा वेळ, बंदराकडं बघत.
"गरम आहे," म्हणाला.