पाव आटा

दिवाळी उरकली की नळी बाहेर काढायची.
यंदा आत कुंभारीण माशीनं
लहान आरशामागे तीन मडकी थापलेली,
आणि मोठ्या आरशावर वर्षभराचं यावल:
रस्त्याची धूळ, पऱ्हाटीची राख,
पालीचं एक पाऊल, बोटं मोजता येतील असं.

परातीत टॉवेल, त्यावर आरसा.
डिस्टिल्ड वॉटर, साबणाचा एक थेंब,
दुकानातला पाकीटबंद कापूस
(कापसाच्या गावात मी कापूस विकते).
बोळा स्वतःच्या वजनानं सरकू द्यायचा.
दाबायचं नाही. बोट लावायचं नाही.
जाऊबाई म्हणाल्या, पोरांना कधी
अशी आंघोळ घातली नाहीस.
खरंय.

नळीच्या तळाशी तीन स्क्रू.
डोळा वर, स्क्रू खाली, मधे सव्वापाच फूट.
माझा हात पुरत नाही.
म्हणून सोळा वर्षं खाली सुभान तडवी,
लेथ बंद करून, हात पँटला पुसून, उकिडवा.
आरशाची बैठक त्याचीच, जिनिंगच्या भंगारातली.
लहान आरशाचे पाय करवतीच्या पात्याचे.

"डावा. अर्धा आटा."
"गेलं का मधी?"
"जास्त झालं. पाव मागे."
"आता?"
"आता वरचा. हळू."
असं तासभर.
दोघांना ऐकणारी शेजारीण
आम्ही विहिरीची मोटर बसवतोय समजायची.
शेवटी तो एकदा डोळा लावायचा,
"हाव" म्हणायचा,
आणि जेवायला घरी जायचा.

त्याचे गुडघे गेले. गोळ्या माझ्याकडूनच नेतो,
बसला तर शटर धरून उठतो.
भाचा म्हणाला, मावशी, लेझर घे.
घेतलं. नवा फोकसर घेतला, लोण्यासारखा फिरणारा.
आरसा लवकर निवावा म्हणून
मेलेल्या कॉम्प्युटरचा पंखा तळाशी बसवला.
आता लाल ठिपका कागदी चकतीच्या भोकात आणायचा,
आपणच खाली बसून, आपणच बघत.
चार मिनिटं.
कुणाशी बोलावं लागत नाही.

परवा गोळ्यांचे उरलेले पैसे द्यायला आला,
जिना थांबत थांबत चढला.
खुर्ची दिली. शनी दाखवला.
बराच वेळ गप्प.
"कडी कुठी गेली?"
म्हटलं, पंधरा वर्षांनी एकदा आडवी होते,
रेघ उरते. मागच्या वेळीही झाली होती.
"मागल्या वेळी मी खाली होतो," म्हणाला.

मग त्यानं ध्रुव मागितला.
सातपुड्याच्या माथ्यावरचा, न हलणारा.
फोकसर मुद्दाम मागे फिरवला,
तारा फुगून चकती झाला,
चकतीत काळा ठिपका, भोवती कडी.
"जॉब सेंटरला नाही."
मी म्हटलं, लेझर सांगतं आहे.
"लेझर आन बरं इकडं."

कठड्यावर वहीच्या दोन पुठ्ठ्यांची खाच केली,
तीत लेझर ठेवून बोटानं गोल फिरवलं.
समोरच्या टाकीवर लाल ठिपका
एका जागी राहिला नाही,
बांगडीएवढा फेर धरून हिंडला.
तो हसला नाही. मी हसले.
दोन महिने मी चार मिनिटांत
नीट वाकडं करत होते.

लेझर त्यानं खिशात टाकलं, उद्या बघतो म्हणाला.
पण उठला नाही. डोळा परत लावला.
तेव्हा मी साडी खोचली,
नळीच्या तळाशी जाऊन बसले.
खालून काहीच दिसत नाही.
पंख्याचा वारा, स्क्रूचं गार डोकं,
माझ्या गुडघ्यांचाही आवाज.

"उजवा," वरून आला आवाज.
"पाव आटा. ... अर्ध्याचा पाव."
फिरवला.
"गेलं का मधी?" मी विचारलं.

तो बोलेना.
खाली बसून उत्तराची वाट पाहणं
केवढं लांब असतं
हे मला कधी कळलं नव्हतं.