भाव वाच

मुंबईचं वर्तमानपत्र वेंगुर्ल्याला यायचं फत्तेमारीतून,
आठवडाभर शिळं, कडांना खोबरेलाचे डाग.
मी मांडवीवरचा कारकून, चार इंग्रजी बुकं झालेली.
तिन्हीसांजेला भिकशेट बांदेकरांच्या पडवीत
कंदिलाशी बसून ते मराठीत सांगायचो.

समुद्रापलीकडे एक देश आपल्याच अंगाशी लढत होता.
उत्तरेचे सरदार, दक्षिणेचे सरदार.
त्यांची नावं माझ्या तोंडात
सुक्या बोंबलासारखी मोडायची,
म्हणून शेटनी त्यांना आपली नावं दिली.
मान खाली घालून धडकणारा तो रेडा.
फौज घेऊन नदीकाठी नुसताच बसलेला तो कासव.
एकाला व्याही म्हणत, कारण त्याला
दरवेळी पत्र धाडून बोलवावं लागे.
आणि राजधानीतले कारभारी म्हणजे देवळातले मानकरी,
आग लागली तरी पहिला नारळ कुणाचा, यावर अडलेले.

रेडा हरला की शेट गूळ वाटायचे.
लढाई लांबली म्हणजे तिकडचा कापूस तिकडेच,
विलायतेच्या गिरण्या उपाशी,
आणि रामघाट उतरून बैलांच्या पाठीवर
धारवाडचा माल आमच्या बंदरात,
सोन्याच्या भावानं.

पडवीच्या टोकाला जैतू फाटक्या गाठी शिवायची.
घरची कुणबीण.
तिच्या आजीला शेटच्या आज्यानं
दुष्काळात दीड खंडी भातावर घेतलं होतं.
हे कुणी लपवत नसे, बोलतही नसे,
घराची सर्वात खालची पायरी असते तसं.

एकदा तिनं विचारलं, दोरा दातानं तोडत,
"ज्यांच्यापायी भांडतत, त्यांची नावां खंय?"
मी पान वरखाली पाहिलं.
सरदारांच्या घोड्यांचीसुद्धा नावं होती.

एका माघात मोठ्या अक्षरांत आलं:
तिथल्या मुख्यानं हुकूम काढलाय,
बंडखोर मुलखातले गुलाम आजपासून मोकळे.
मी घसा साफ केला.
शेटनी जांभई दिली, "हुकूम ऱ्हवांदे. भाव वाच."
मी भाव वाचला.
पान उलटताना सुई थांबली होती,
की मला आता तसं वाटतं, कोण जाणे.

मग एका वैशाखात तिकडे तह झाला
आणि इकडे एका रात्रीत कापूस पुन्हा कापूस झाला.
मांडवीवर गाठी पडून. कुत्री त्यांवर झोपत.
मुंबईहून धनको आले, मी यादी लिहायला बसलो:
तांब्याचे हंडे सात, समया दोन,
मचवा एक, शीड नसलेला.
"जैतू?" मी विचारलं.
"कागदार नको. कायदो आसा.
नुसती देसायाकडे धाड, तेचा व्याज फिटात."
मी लिहिलं नाही.
हे माझं धैर्य नव्हे, तीही तामिलीच होती.

त्या रात्री ते जुनं पान घेऊन विहिरीवर गेलो.
अंधारात पाठच होतं म्हणा, तोंडानंच सांगितलं.
ती रहाट धरून ऐकत राहिली.
मग म्हणाली,
"असो कायदो हंयसर पण इल्लो हा म्हणतत,
मी आवशीच्या पोटात हुतंय तेव्हा.
कोणी वाचून दाखवल्यान नाय."
आणि थोड्या वेळानं, "तुका कधीपासून म्हायत?"

दोन वर्षं, तीन महिने.
मी गप्प राहिलो.

भरलेली घागर तिनं कठड्यावर ठेवली
आणि आरवलीच्या वाटेनं चालू लागली.
केसांत कापसाचे तंतू अडकलेले,
चांदण्यात एकदम म्हातारी दिसली.

सकाळी शेट ओरडत होते, पाणी कोण भरणार.
रेडा, कासव, व्याही,
त्यांचे म्हणे दगडी पुतळे होणार आहेत, असं छापून आलंय.
माझ्याजवळ मांडवीच्या जुन्या वहीचं एक कोरं पान आहे.
त्यावर लिहितो:
जैतू.
तिची आवस गंगी.
तिची आजी,

आजीचं नाव मी कधी विचारलं नाही.