छत्तीस पानी

मे महिन्यात, रात्री साडेनवाला,
जेल रोडच्या गॅलरीत चटई टाकून
आम्ही आल्प्स पसरतो.
नकाशाच्या कोपऱ्यांवर वजनं :
कुकरचं झाकण, दळणाचा डबा, माझं चष्म्याचं घर
आणि सायमन भालेरावचा उजवा पाय,
जो तो हलवत नाही,
कारण अंगठ्याखाली इटली आहे.

बत्तीस वर्षं प्रेसमध्ये काढली मी,
पासपोर्टांच्या शिवणीवर.
पानं मोजायची, दोरा बघायचा, पुढे सरकवायचं.
लोकांचं जाणं शिवलं.
सुटीच्या भोंग्याला गेटवर झडती, खिसे उलटे.
म्हणजे रोज संध्याकाळी
एक सीमा ओलांडायचो मी,
शिक्क्याशिवाय.

माझा स्वतःचा निघाला
निवृत्तीनंतर दोन वर्षांनी.
पोस्टमनसमोरच मधलं पान उघडून
शिवण पाहिली.
कुंदा म्हणाली, अहो, फोटो तरी बघा.
शिवण चांगली होती.
फोटोत मी जेल रोडचा नाही,
जेलमधला.

तर बेत असा :
म्यूनिखला भाचीकडे उतरायचं, गाडी भाड्याने.
ऑस्ट्रियात काचेवर टोलचं स्टिकर,
स्वित्झर्लंडात आणखी एक,
तेही अख्ख्या वर्षाचं,
आपण राहणार चार दिवस.
हे सायमनला सहन होत नाही.
तो हिशेब युरोत करतो, मग फ्रँकमध्ये,
शेवटी पिंपळगावच्या द्राक्षांच्या पेट्यांत.
पेट्या आल्या की त्याला कळतं
आपण किती बुडालो.

गाडी तोच चालवणार.
पेठ रोडच्या आरटीओतून परवाना आणलाय,
आणि रोज जेवणाच्या टेबलाशी
डावीकडच्या खुर्चीत बसून
उजव्या हाताने पळी पुढे-मागे करतो.
पळी म्हणजे गिअर.
काल तिसऱ्यात आमटी सांडली.

स्टेल्विओ नावाचा घाट,
एका अंगाला अठ्ठेचाळीस वळणं,
जवळजवळ जूनपर्यंत बर्फाखाली बंद.
कुंदा विचारते, कसाऱ्याला किती?
मोजलेली नाहीत कुणी.
कसाऱ्याला दुसऱ्याच वळणावर
ती काच खाली करते, एवढं आहे.
यादीत लिहिते : आवळासुपारी, दोन पाकिटं.
खोडते.
चार.

मग मिथिलाचा फोन आला.
मी विचारलं, शिक्के कुठे कुठे मारतात गं?
कारण मनात पानं वाटून झाली होती :
जर्मनीला सातवं, ऑस्ट्रियाला आठवं,
इटलीला समोरासमोरची दोन,
बायकोला आवडते म्हणून.
ती म्हणाली, मामा, मध्ये काहीच नसतं.
एक निळी पाटी येते.
मोबाईलवर मेसेज येतो.
विमानतळावर एकदा मारायचे,
तेही आता बंद, बोटांचे ठसे घेतात.

बोटांचे.
शिवणीने घासून गेलेल्या या बोटांचे.
बँकेत आधारला तीनदा लावतो,
तरी उमटत नाहीत.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
खालून कुल्फीवाला गेला.
मग सायमनने चष्मा वर करून
पायाजवळ काहीतरी शोधलं,
तांदळाएवढा देश, लिख्टेनस्टाइन,
इथून सिन्नरला जावं तेवढा लांब.
म्हणाला, इथे एक कचेरी आहे,
तीन फ्रँक दिले की शिक्का मारून देतात,
हौसेसाठी.

विकत? कुंदा म्हणाली. शिक्का?

सायमन पेट्या मोजू लागला.
मी म्हटलं, मोजू नकोस. घ्यायचा.
कितवं पान, तिने विचारलं.
मी अजून ठरवतोय.

तेवढ्यात त्याच्या पायाला मुंग्या आल्या.
पाय उचलला,
देवळालीकडून वारा आला
आणि इटली अलगद उठून
ऑस्ट्रियावर पडली.
सरळ करतेय म्हणत कुंदाने
डबाही उचलला,
उद्या सकाळी दळण टाकायचं होतं.