सांधणी

बीम संपत आला की मला बोलावतात.
जुन्या बीमची शेपटं मागावर लोंबत असतात,
नवा बीम मागून येऊन बसतो,
आणि दोघांच्या मधे पाट टाकून मी.
चोवीसशे तारा. एक जुनी, एक नवी,
बोटांना राख लावून पीळ.
गाठ नाही मारायची, गाठ फणीत अडते.
हे लक्ष्मय्या मामानं पहिल्याच दिवशी शिकवलं,
कानाखाली देऊन.

श्रीलता आखातातल्या विमानतळावर असते.
विचारलं, नेमकं काय करतेस गं तिथं?
म्हणाली, नाना, तुमचंच काम.

रात्री एकला विमानं उतरायला लागतात,
एकामागं एक, चाळीस, पन्नास.
पोटातली माणसं बाहेर, दिवे, सरकते जिने,
आणि तीनच्या आत तीच माणसं
वेगळ्याच विमानांत वाटली जाऊन परत आभाळात.
ढाक्याचा शिंपी माद्रिदला.
नैरोबीची नर्स मनिलाला.
आपल्या बार्शीचा एक फिटर, ओस्लोला.
त्या गावात कुणालाच जायचं नसतं नाना,
सगळे येतात कारण ते मधे आहे.

पंचावन्न मिनिटं मिळतात.
ज्यांची माणसं एकमेकांत जास्त मिसळतात
ती विमानं शेजारशेजारच्या दारांना लावतात.
(मी म्हटलं, हे चौकडीच्या चादरीचं गणित,
कुठला रंग कुणाच्या कडेला. ती म्हणाली, तेच.)
बॅगा तळघरातल्या पट्ट्यावरून आपल्या आपण जातात.
उशीर झालेल्याच्या हातात केशरी चिठ्ठी,
ती दिसली की रांग बाजूला सरकते,
राजा असला तरी सरकतो.

मी म्हटलं, मधे तर आपणही आहोत.
मुंबई-मद्रासचे रूळ इथून, हैदराबादचा रस्ता इथून,
विजापूर हाकेवर.
घरात तेलुगू, दुकानात मराठी, रिक्षात कन्नड.
मग?
ती हसली नाही.
म्हणाली, नुसतं मधे असून भागत नाही नाना,
मधे असणाऱ्याला वेळ पाळावी लागते.
तेवढ्यात अक्कलकोट रोडची लाईट गेली.
अंधारात सगळे माग एकदम गप्प.
फोनमधे मात्र तिच्याकडची घोषणा चालूच होती,
कुठल्या तरी भाषेत, कुणाला तरी शेवटचं बोलावणं.

एकदा सिरसिल्लाची एक म्हातारी आली,
टोरोंटोला चाललेली, लेकाकडे.
विमान चाळीस मिनिटं उशिरा.
तेलुगूशिवाय एक अक्षर येत नाही,
पायात नव्या चपला, त्याही चावणाऱ्या.
श्रीलतानं चपला हातात घेतल्या
आणि दोघी पळाल्या,
अत्तरांच्या दुकानांसमोरून, सोन्याच्या घोड्यासमोरून,
म्हातारी अनवाणी, ही टाचांच्या बुटात.
हात धरला तेव्हा कळलं म्हणे,
तर्जनीवर घट्टा होता. तुमच्यासारखा. तिथंच.

दार लागलं.
म्हातारीनं मागं वळून पाहिलं नाही.
श्रीलताला जरा लागलं असावं, बोलली नाही.
मी सांगितलं, पोरी,
फणीतून पुढं गेलेली तार
सांधणाऱ्याला विचारत नसते.

माग चालू झाला की
सांध्यांची पहिली वीतभर पट्टी कापडात धरत नाहीत.
शेठ ती कापून तेल पुसायला देतो.
परवा एक पट्टी मी खिशात घालून घरी आणली.
खिडकीपाशी आडवी धरली
तर सगळे पीळ दिसतात, बारीक,
मोहरी सांडल्यासारखे.
तिला फोटो पाठवला.

उत्तरादाखल तिचा फोटो आला.
पहाटेचं रिकामं सभागृह,
खुर्च्यांच्या ओळी, पुसलेली फरशी,
कोपऱ्यात एक केशरी चिठ्ठी पडलेली.
खाली एवढंच लिहिलं होतं:
आज एकही सुटलं नाही.